गुळवेलीतील बहुशर्करेची प्रत आणि अँटिऑक्सिडंट क्षमता: तालुक्याच्या प्रयोगशाळेत कशी तपासावी

विदर्भात गुळवेल शोधायला लांब जावे लागत नाही. वावराच्या धुऱ्यावरच्या निंबावर, गावठाणाच्या कुंपणावर आणि जंगलाच्या कडेने ती आपसूक चढलेली असते. तिचे सत्त्व किंवा चूर्ण विकणारे बचत गटही आता ठिकठिकाणी आहेत, आणि आपल्या पुडीवर ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापता येईल का, हा प्रश्न त्यांच्याकडून जवळच्या महाविद्यालयात येतो. रसायनशास्त्राच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही हा विषय प्रकल्पासाठी सोयीचा वाटतो, कारण कच्चा माल फुकट मिळतो आणि पद्धती वरवर पाहता सोप्या आहेत. नेहमीचा क्रम ठरलेला असतो: वेल उकळायची, गाळलेल्या पाण्यात अल्कोहोल ओतायचे, खाली बसलेला साका वाळवायचा, तो डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात (अँटिऑक्सिडंट द्रव्य त्याचा रंग उडवते) टाकायचा आणि रंग किती टक्के उडाला ते निष्कर्षात लिहायचे.

या क्रमात मधली मोठी पायरी गाळलेली असते. अल्कोहोलने खाली बसलेला साका म्हणजे निव्वळ बहुशर्करा, अर्थात पॉलिसॅकराइड, नव्हे. त्यात प्रथिने असतात, क्षार असतात, आणि साखरेच्या लांब साखळ्यांना चिकटून आलेली फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. डीपीपीएचचा रंग उडवण्याचे काम बहुतेक वेळा ही फिनॉलवर्गीय द्रव्येच करतात, श्रेय मात्र बहुशर्करेला मिळते. म्हणून साक्यात काय काय आहे याचा हिशेब हाती आल्याशिवाय अँटिऑक्सिडंटचा आकडा मोजू नये, आणि मोजलाच तर तो बहुशर्करेच्या नावावर लिहू नये. पुढील मांडणीत शुद्धतेला अधिक जागा दिली आहे ती याच कारणाने.

वेल निवडताना

गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, ओळखण्यात चूक होणे अवघड वाटते, पण तिच्या सख्ख्या जाती दिसायला बऱ्याच जवळच्या आहेत. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठीगाठी असतात, तर टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांना खालून लव असते. आपल्या गुळवेलीची पाने गुळगुळीत आणि हृदयाकृती, खोडाची वरची साल कागदासारखी सुटणारी, आणि आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना स्पष्ट दिसणारी असते. क्रिस्पाशी होणाऱ्या गल्लतीबाबत आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्वतंत्र सूचना काढली होती, त्यामुळे हा केवळ वर्गीकरणाचा वाद नाही. पाने आणि शक्य असल्यास फळे असलेली एक फांदी दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्र विभागात क्रमांकासह ठेवावी. अहवालात तो क्रमांक असावा.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार औषधी भाग म्हणजे पक्व खोड, आणि ते उन्हाळ्यात गोळा करावे असे त्यात म्हटले आहे. बोटाएवढ्या जाडीचे खोड घ्यावे. कोवळ्या, हिरव्या शेंड्यांचे आणि जुन्या खोडांचे मिश्रण केल्यास पुढे कोणतीच तुलना करता येत नाही. वेल ज्या झाडावर चढली आहे त्याचे नाव, गाव आणि महिना टिपून ठेवावा. निंबावरची वेल अधिक गुणकारी असते ही समजूत सर्वत्र आहे. ती तपासायची असेल तर एकाच गावातील, एकाच आठवड्यात तोडलेल्या निंबावरच्या आणि बाभळीवरच्या वेली वेगवेगळ्या ठेवून तपासाव्या लागतील. जंगलातून वेल आणायची असल्यास, जेथे सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार असतो. तिची परवानगी आधी घ्यावी आणि तिची प्रत अहवालाला जोडावी.

खोडाचे पातळ काप करून सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात हे काप दोन दिवसांत बुरशीने करडे होतात, आणि बुरशीच्या पेशीभित्तिकांतही बहुशर्करा असते, म्हणजे तपासणी बुरशीचीच होऊन बसते. अशा वेळी ४५ ते ५० अंश सेल्सियसच्या ओव्हनचा आधार घ्यावा. वाळलेल्या मालाची किमान तपासणी औषधिकोशातील मर्यादांवर करावी: इतर पदार्थ २ टक्क्यांपेक्षा, एकूण राख १६ टक्क्यांपेक्षा आणि आम्लात न विरघळणारी राख ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, तर पाण्यात विरघळणारा अंश किमान ११ टक्के असावा. आम्लात न विरघळणारी राख वाढलेली दिसली, तर मातीने माखलेले खोड धुतलेले नाही असे समजावे.

सत्त्व आणि बहुशर्करा यांत गल्लत नको

घरी सत्त्व काढताना ओले खोड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवतात, कुस्करून गाळतात, पाणी संथ राहू देतात, वरचे पाणी ओतून देतात आणि तळाचा पांढरा थर वाळवतात. तो थर प्रामुख्याने स्टार्च असतो. आपल्याला जी बहुशर्करा तपासायची आहे तिचा मोठा भाग मात्र ओतून दिलेल्या पाण्यात असतो. संशोधनाच्या वाङ्मयात गुळवेलीतील बहुशर्करा म्हणून जे वर्णन येते, त्यात एकीकडे ग्लुकोजच्या अल्फा-१,४ जोडणीच्या साखळ्या आहेत आणि दुसरीकडे अरॅबिनोगॅलॅक्टन प्रकारची बहुशर्करा आहे. या दुसऱ्या प्रकारावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम झालेले आहे. दोन्हींची रचना वेगळी आहे, आणि आपण नेमके काय हाती घेतले आहे हे न सांगता दोन्हींचे गुण एकत्र सांगणे चुकीचे ठरते.

सत्त्वाची प्रत तपासायची असेल तर सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. स्वतः समक्ष काढलेल्या सत्त्वाचे कण एका काचपट्टीवर आणि बाजारातील सत्त्वाचे दुसरीवर, पातळ आयोडीनच्या थेंबात पाहावेत. बटाट्याच्या स्टार्चचे कण मोठे असतात आणि त्यांचा केंद्रबिंदू एका बाजूला सरकलेला असतो, तर मक्याचे कण कोनदार असतात. भेसळ अनेकदा एवढ्यावरच उघडी पडते.

बहुशर्करा काढणे

प्रथम चूर्णातील चरबी, हरितद्रव्य, सुट्या साखरा, बर्बेरीनसारखी पिवळी अल्कलॉइडे आणि सुटी फिनॉले काढून टाकावी लागतात. त्यासाठी सॉक्सलेट उपकरणात (यात द्रावक चूर्णातून पुन्हा पुन्हा पाझरते) आधी पेट्रोलियम ईथर आणि नंतर ८० टक्के अल्कोहोल वापरतात. येथे आपल्या हवामानाचा विचार करावा. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात खोलीचे तापमान सहज ४० अंशांपलीकडे जाते. ४० ते ६० अंश उत्कलनमर्यादेचे पेट्रोलियम ईथर अशा खोलीत बाटलीतच उकळू लागते आणि एका ठिणगीने आग लागू शकते. ६० ते ८० अंश मर्यादेचे द्रावक मागवावे आणि तरीही हे काम हिवाळ्यात उरकावे. नळाचे पाणी उन्हाळ्यात इतके तापलेले असते की कंडेन्सर बाष्प धरत नाही. बादलीत बर्फाचे पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप सोडून तेच पाणी फिरवत ठेवल्यास काम होते आणि पाणीही वाया जात नाही. पंप आणि त्याची वायर मात्र द्रावकापासून दूर ठेवावी.

अल्कोहोलने धुण्याची पायरी घाईने आटोपू नये. पाझरणारे द्रावण रंगहीन होईपर्यंत ती चालू ठेवावी, कारण येथे राहिलेले प्रत्येक फिनॉल पुढे अँटिऑक्सिडंटच्या आकड्यात उतरणार असते.

धुऊन वाळवलेले चूर्ण १५ ते २० पट ऊर्ध्वपातित पाण्यात दोन तास ठेवावे. ९० अंशांच्या पाण्यात उतारा जास्त मिळतो, पण गुळवेलीतील भरपूर स्टार्चही फुलून द्रावणात येतो. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात उतारा कमी मिळत असला तरी स्टार्चचा बराचसा भाग तळाशी राहतो. स्टार्च पचवणारे एन्झाइम उपलब्ध नसेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन. उपलब्ध असल्यास गरम पाण्याचा अर्क उष्णतेत टिकणाऱ्या अल्फा-अमायलेजने आणि नंतर अमायलोग्लुकोसायडेजने पचवून, आयोडीनचा निळा रंग येईनासा होईपर्यंत स्टार्च काढावा.

पाणी कोणते, याकडेही लक्ष हवे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, भूजल क्षारयुक्त आहे. असे पाणी वापरल्यास राखेचा आकडा फुगतो, कॅल्शियममुळे आम्लयुक्त बहुशर्करा चिकट गोळ्यासारखी होते, आणि पाण्यात लोह असल्यास पुढच्या लोहाधारित चाचण्या निकामी होतात. आरओ यंत्राचे पाणी पिण्याला ठीक आहे, या कामाला नाही.

अर्क गाळून, सेंट्रिफ्यूज करून, मंद आचेवर पाचव्या हिश्शापर्यंत आटवावा. हा अर्क म्हणजे जिवाणूंना उत्तम खाद्य आहे आणि उन्हाळ्यात तो काही तासांत आंबतो, तेव्हा रात्रभर ठेवायचा झाल्यास फ्रीजमध्येच ठेवावा. थंड अर्कात ९५ टक्के इथेनॉलचे चार भाग हळूहळू, ढवळत ओतावेत. अंतिम प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. या वेळी काचपात्राकडे नीट पाहावे. अल्कोहोलची धार जेथे पडते तेथे आधी धूसर ढग उमटतो, मग ढवळण्याच्या दांडीभोवती मऊ, पांढरे तंतू गुंडाळले जाऊ लागतात. लांब साखळ्यांची बहुशर्करा अशीच धाग्याधाग्यांनी येते. धागे न दिसता बारीक भुकटी सरळ तळाला बसत असेल तर स्टार्चचे तुकडे किंवा क्षार यांची शंका घ्यावी, आणि साका पहिल्यापासूनच चहाच्या रंगाचा असेल तर फिनॉले पुरेशी धुतली गेलेली नाहीत.

इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि वर्धा व गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर महाविद्यालयाने हा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करणे शहाणपणाचे आहे. परवाना येईपर्यंत आयसोप्रोपेनॉलने साका पाडता येतो. डिनेचर्ड स्पिरिट वापरू नये. त्यातील भेसळद्रव्ये पुढच्या रंगचाचण्या बिघडवतात.

प्रथिने काढण्यासाठी सेवाग पद्धत वापरतात: क्लोरोफॉर्म आणि एन-ब्युटेनॉल यांचे ४:१ मिश्रण पाण्यातील द्रावणाबरोबर हलवायचे आणि दोन थरांच्या मध्ये जमणारी पांढरी साय टाकून द्यायची. ही साय येईनाशी होईपर्यंत क्रिया पुन्हा करावी. त्यानंतर डायलिसिसच्या नळीत भरून ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी बदलत, थंडीत दोन दिवस ठेवावे, म्हणजे क्षार, सुट्या साखरा आणि लहान रेणूंची फिनॉले निघून जातात. फ्रीझ-ड्रायर नसेल तर साका पुन्हा अल्कोहोलने पाडून, ॲसिटोनने धुऊन निर्वात डेसिकेटरमध्ये वाळवावा. सरळ ओव्हनमध्ये टाकल्यास तो शिंगासारखा कडक, तपकिरी होतो आणि पुन्हा पाण्यात नीट विरघळत नाही.

साक्याचा हिशेब

एकूण शर्करा मोजण्यासाठी फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धत सर्वांत सोयीची आहे. ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १ मिलिलिटर द्रावणात १ मिलिलिटर ५ टक्के फिनॉल घालावे आणि ५ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल द्रावणाच्या पृष्ठभागावर थेट, जलद सोडावे. रंग येण्यासाठी लागणारी उष्णता या मिसळण्यातूनच निर्माण होते, म्हणून आम्ल नळीच्या भिंतीवरून ओघळू दिल्यास तीन नळ्यांची तीन वेगळी रीडिंगे येतात. दहा मिनिटांनी नळ्या २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ठेवून थंड कराव्यात, म्हणजे जानेवारीचे आणि मेचे आकडे एका पातळीवर येतील. नारिंगी-पिवळा रंग ४९० नॅनोमीटरवर मोजावा. अरॅबिनोजसारख्या पेंटोजचा (पाच कार्बनच्या साखरेचा) आणि युरोनिक आम्लांचा (साखरेपासून बनलेल्या आम्लांचा) शोषणाचा उच्चांक ४८० जवळ असतो. हातमोजे, चष्मा आणि फ्यूमहूड यांत सवलत नाही, कारण फिनॉल त्वचेतून शरीरात जाते.

या चाचणीचा एक शत्रू आपल्या भागात हवेतच असतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज आम्लात विरघळून तोच नारिंगी रंग देतो. जिनिंगच्या दिवसांत, किंवा शेजारच्या खोलीत कापसाचे बोंड फोडून प्रात्यक्षिक चालू असताना, एखादा तंतू नळीत पडला तरी रीडिंग उसळते. नळ्यांना कापसाचे बोळे लावू नयेत, त्या कापडाने पुसू नयेत, आणि गाळणकागदातून गाळलेले द्रावण पुन्हा सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय या चाचणीला घेऊ नये.

ग्लुकोजच्या ० ते १०० मायक्रोग्रॅमच्या नळ्यांवरून मानक आलेख काढावा. समजा १० मिलिग्रॅम साका १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवला आणि १ मिलिलिटरमधून ६२ मायक्रोग्रॅम ग्लुकोजएवढे रीडिंग आले. म्हणजे ग्लुकोजच्या भाषेत ६२ टक्के. पण साखळीत जोडताना प्रत्येक ग्लुकोजमधून पाण्याचा एक रेणू निघून गेलेला असल्याने ०.९ ने गुणावे, म्हणजे सुमारे ५६ टक्के. अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज यांचा प्रतिसाद ग्लुकोजपेक्षा वेगळा असतो, म्हणून साखरांची जात कळल्यावर त्याच प्रमाणातील मिश्रण मानक म्हणून घेतले तर आकडा अधिक खरा ठरतो.

युरोनिक आम्लांसाठी मेटा-हायड्रॉक्सीडायफिनाइल पद्धत (५२० नॅनोमीटर) जुन्या कार्बाझोल पद्धतीपेक्षा बरी, कारण साध्या साखरांचा अडथळा तिच्यात कमी असतो. प्रथिनांसाठी ब्रॅडफर्ड पद्धत (५९५ नॅनोमीटर) घ्यावी. लोरी पद्धतीत फिनॉलेही रंग देतात आणि येथे नेमकी त्यांचीच शंका असते. एकूण फिनॉले फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मकाने ७६५ नॅनोमीटरवर, गॅलिक आम्लाच्या तुलनेत मोजावीत. या अभिकर्मकाशी क्षपणकारी साखरा आणि प्रथिनेही क्रिया करतात, म्हणून त्याच संहतीचे शुद्ध डेक्स्ट्रान किंवा विद्राव्य स्टार्च समांतर चालवून त्याचे रीडिंग वजा करावे. शिवाय राख आणि ओलावा घ्यावा.

आता टाळेबंद मांडल्याप्रमाणे बेरीज करावी. शर्करा ५६, प्रथिने ६, राख १२, ओलावा १० अशी बेरीज ८४ वर थांबली, तर उरलेल्या १६ टक्क्यांचे उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. युरोनिक आम्ले फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीतही काही प्रमाणात मोजली जातात, म्हणून त्यांची बेरीज दोनदा होऊ देऊ नये. प्रबंधांत ही बेरीज क्वचित दिसते, आणि परीक्षकही ती क्वचित मागतात.

साखरांची जात ओळखण्यासाठी एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफीचे यंत्र) नसली तरी अडत नाही. २ मोलर ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लात, झाकण घट्ट बसणाऱ्या नळीत, १२१ अंशांवर एक ते दोन तास जलविघटन करावे; ऑटोक्लेव्ह बहुतेक महाविद्यालयांत असतो. आम्ल उडवून कागदी क्रोमॅटोग्राफी करावी: ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी ४:१:५ या प्रमाणात मिसळून वरचा थर घ्यावा, आणि कागद वाळल्यावर ॲनिलीन थॅलेट फवारून तापवावा. हेक्सोज (सहा कार्बनच्या साखरा) तपकिरी आणि पेंटोज लालसर डाग देतात. एकटा ग्लुकोजचा डाग दिसला तर हाती प्रामुख्याने स्टार्चच आला आहे.

एफटीआयआरसाठी (अवरक्त किरणांच्या शोषणावरून रेणूतील बंध ओळखणाऱ्या तपासणीसाठी) नमुना नागपूर किंवा अमरावतीला पाठवता येतो. ३४०० सेंटिमीटर व्यस्तांकाजवळचा रुंद पट्टा आणि १००० ते १२०० मधील पट्टे प्रत्येक साखरेत असतात, त्यांवर परिच्छेद खर्च करू नयेत. १७४० जवळचा एस्टरचा, १६१० जवळचा कार्बॉक्सिलेटचा, आणि ८९० (बीटा) व ८४० (अल्फा) जवळचे पट्टे खरे बोलके. १५१५ जवळ टोकदार पट्टा दिसल्यास सुगंधी वलयाची, म्हणजे फिनॉल किंवा लिग्निनची शंका घ्यावी. साध्या यूव्ही यंत्रावर २०० ते ४०० नॅनोमीटरचा आलेख काढून २६० आणि २८० ला उंचवटे आहेत का हेही पाहावे. ही दहा मिनिटांची तपासणी सेवाग आणि डायलिसिस किती यशस्वी झाले ते सांगते. रेणूंच्या आकाराचा अंदाज ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरने येतो. जड धातूंसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आहेत; ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी.

अँटिऑक्सिडंट चाचण्या

सर्वाधिक वापरली जाणारी डीपीपीएच चाचणी बहुशर्करेसाठी सर्वांत गैरसोयीची आहे. ती मिथेनॉलमध्ये होते, आणि बहुशर्करा मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. आपण अल्कोहोलने साका पाडला तो याच गुणावर. १ मिलिलिटर पाण्यातील द्रावण ३ मिलिलिटर डीपीपीएचमध्ये घालताच नळी गढूळ होते. पाण्याचा वाटा फार वाढवला तर डीपीपीएच स्वतःच विरघळेनासे होते. तरीही तुलनेसाठी ती करायची असेल तर ३९.४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवून दहा पट पातळ करावे, म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावण मिळते. अंधारात ३० मिनिटे ठेवून ५१७ नॅनोमीटरवर मोजावे आणि प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएचऐवजी नुसते मिथेनॉल घातलेला नमुन्याचा ब्लँक ठेवावा. याने किती फरक पडतो ते पाहा: नियंत्रण नळीचे शोषण ०.७८०, नमुन्याचे ०.५२० आणि नमुन्याच्या ब्लँकचे ०.०९० असेल, तर ब्लँक न धरता उत्तर ३३.३ टक्के येते आणि धरल्यास ४४.९ टक्के.

माझ्या मते मुख्य आधार, रंग उडण्यावरच चालणाऱ्या, एबीटीएस चाचणीचा घ्यावा, कारण ती पाण्यात होते. ३८.४ मिलिग्रॅम एबीटीएस ९ मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. त्यात पोटॅशियम परसल्फेटचे १ मिलिलिटर द्रावण घालावे. हे द्रावण ६६.२ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये विरघळवून करावे, कारण एका मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर ६.६ मिलिग्रॅम तोलणे म्हणजे अंदाजपंचे. यातून ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर परसल्फेट मिळते. मिश्रण १२ ते १६ तास अंधारात ठेवल्यावर गडद निळे-हिरवे होते. दुसऱ्या दिवशी ते पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरने ७३४ नॅनोमीटरवर ०.७० शोषण येईपर्यंत पातळ करावे. मूळ पद्धतीत सहाव्या मिनिटाला रीडिंग घेतात; बहुशर्करेची क्रिया संथ असल्याने तिसाव्या मिनिटाचेही घ्यावे आणि दोन्ही लिहावीत. तुलनेसाठी ट्रोलॉक्स किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल ठेवावे. स्पेक्ट्रोफोटोमीटर अर्धा तास तापू द्यावा आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा शून्य जुळवून नियंत्रण नळीपासून सुरुवात करावी. अर्धी रीडिंगे वीज जाण्याआधीची आणि अर्धी नंतरची घेऊन एक आलेख काढू नये.

फ्रॅप चाचणी (५९३ नॅनोमीटर) लोहाचे क्षपण मोजते. तिच्यात नमुन्याच्या स्वतःच्या रंगाने आकडा उलट वाढतो, म्हणून तेथेही ब्लँक हवाच. फेरोझिनने (५६२ नॅनोमीटर) लोह बांधण्याची क्षमता कळते, आणि युरोनिक आम्लांनी समृद्ध बहुशर्करेचा स्वतःचा गुण दाखवणारी चाचणी कोणती असेल तर हीच. हायड्रॉक्सिल मूलकाच्या (एका अतिक्रियाशील, अस्थिर कणाच्या) चाचणीत मिळालेल्या यशावर मात्र फार विसंबू नये. हे मूलक जवळजवळ प्रत्येक सेंद्रिय रेणूवर तुटून पडते. ग्लुकोज, मॅनिटॉल, स्टार्च सगळे त्याला अडवताना दिसतात.

म्हणूनच प्रत्येक चाचणीत विद्राव्य स्टार्च किंवा डेक्स्ट्रान त्याच संहतीला, नकारात्मक तुलनेसाठी चालवावे. त्याचा आकडा आणि आपल्या बहुशर्करेचा आकडा यांतील फरक तेवढाच आपला. आणि फिनॉलांचा वाटा असा काढावा: साक्यात दर ग्रॅमला १२ मिलिग्रॅम गॅलिक आम्लाएवढी फिनॉले मिळाली असतील, तर १ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर द्रावणात ती १२ मायक्रोग्रॅम असतात. तेवढ्याच गॅलिक आम्लाचे द्रावण करून तीच चाचणी घ्यावी. त्याचाच परिणाम आपल्या नमुन्याइतका किंवा अधिक आला, तर क्रिया साखरेच्या साखळीची आहे असे म्हणण्याला आधार राहत नाही. नमुना अघुलनशील पीव्हीपीपीबरोबर (फिनॉले धरून ठेवणाऱ्या भुकटीबरोबर) हलवून, सेंट्रिफ्यूज करून, पुन्हा मोजल्यास खात्री होते: फिनॉले निघून गेल्यावर आकडा कोसळला तर उत्तर मिळाले. काही फिनॉले साखळीला रासायनिक बंधाने जोडलेली असतात आणि डायलिसिसने किंवा पीव्हीपीपीने निघत नाहीत. तेथे ‘फिनॉलयुक्त बहुशर्करा’ असे लिहिणे प्रामाणिक ठरते, आणि ते काही कमीपणाचे नाही.

आकडे लिहिताना

एकाच द्रावणाची तीन रीडिंगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेलीच्या तीन वेगवेगळ्या तोडींतून तीन वेळा स्वतंत्रपणे काढलेल्या साक्यांची सरासरी आणि विचलन द्यावे. आयसी-५० (निम्मा परिणाम देणाऱ्या संहतीचा आकडा) मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरमध्ये लिहावा, आणि ती नळीतील अंतिम संहती आहे की घातलेल्या द्रावणाची, हे स्पष्ट करावे. ३ मिलिलिटर अभिकर्मकात १ मिलिलिटर घातल्यावर या दोहोंत चौपट फरक पडतो. त्याच तक्त्यात शर्करा, युरोनिक आम्ल, प्रथिने, फिनॉले, राख आणि ओलावा यांचे रकाने असावेत.

बचत गटाला उत्तर देताना सत्त्वाचा आणि या साक्याचा अहवाल वेगवेगळा द्यावा. धुतलेल्या, पांढऱ्या सत्त्वाचा आकडा विद्राव्य स्टार्चपेक्षा वेगळा आला नाही तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. त्याऐवजी वेलीची ओळख, राख, ओलावा, भेसळ नसणे आणि जड धातूंच्या मर्यादा यांचे प्रमाणपत्र त्यांच्या पुडीला अधिक उपयोगाचे आहे. काचेच्या नळीतील आकड्यावरून कोणत्याही आजारावरील गुणाचा दावा छापण्यास महाविद्यालयाने आपले नाव देऊ नये. उरलेला साका घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रीजमध्ये ठेवावा आणि क्लोरोफॉर्मचे टाकाऊ मिश्रण मोरीत न ओतता वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवावे.